उशाकडून पाहिलेलं मरण

मराठी नाटकांत माणसं फार सोयीनं मरतात, असं मुक्ताबाईंचं म्हणणं होतं, आणि ते त्या कुणाचीही भीड न ठेवता सांगत.

सोलापुरातल्या एका जुन्या वाचनालयात १९७४ च्या सुमाराला दर महिन्याच्या एका शनिवारी संध्याकाळी वाचकांची बैठक भरे. महिन्याभरात जे वाचलं-पाहिलं त्यावर ज्यानं त्यानं बोलायचं. वकील येत, प्राध्यापक येत, कापड दुकानदार येत. मुक्ताबाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. त्या उठल्या की मागच्या बाकावरची कुजबूज थांबायची. अर्ध्या लोकांच्या बायका त्यांच्या हाताखालून शिकून गेलेल्या.

त्या वर्षी राज्य नाट्यस्पर्धेत एक नाटक फार गाजलं होतं. मालकाचे गुंड गिरणी कामगाराला भोसकतात आणि तो मरता मरता मोठं भाषण करतो. सगळ्यांनी स्तुती केली. बाई म्हणाल्या, "पोटात सुरा गेला की माणूस आधी खाली बघतो. मग हातानं दाबून धरतो. धोतर भिजलं याची त्याला लाज वाटते. पाणी मागतो. हा गडी सुरा खाऊन समाजवाद समजावून सांगतो. लोकांनी टाळ्या दिल्या, कारण पडदा पडला की हा उठून चहा पिणार हे त्यांना माहीत होतं."

दुसऱ्या एका कादंबरीत बहिणीच्या अब्रूपायी नायक तिघांचे मुडदे पाडतो, नदीत आंघोळ करतो आणि गाढ झोपतो. त्यावर बाई म्हणाल्या, "मारणारा झोपतो, हे खरं आहे. पण तो आंघोळ करून झोपत नाही. तसाच पडतो. सकाळी नखात वाळलेलं रक्त बघून ओकतो. लेखकाला नदीचं वर्णन करायचं होतं, म्हणून त्यानं खून केले."

कुणीतरी विचारलं, "बाई, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"बघितलंय," एवढंच म्हणून त्या बसल्या.

खरं होतं ते. करमाळ्याजवळच्या एका गावात त्या वाढल्या. परकर नेसायच्या वयात त्या खळ्यावर भाकरी घेऊन गेल्या, तेव्हा बांधाच्या भांडणावरून त्यांचे वडील आणि चुलते एकमेकांवर कुऱ्हाडी घेऊन तुटून पडले होते. चुलते जागीच गेले. वडील संध्याकाळपर्यंत होते. बाईंनी त्यांच्या तोंडात पाणी घातलं आणि ते गळ्याच्या जखमेतून बाहेर आलं. हे त्यांनी आयुष्यात फार थोड्यांना सांगितलं. पण पुस्तकात खून आला की त्या चष्मा पुसून घेत आणि ती पानं दोनदा वाचत. लेखक तिथे उभा होता की नव्हता, हे त्यांना कळायचं. बहुतेक वेळा नव्हता.

त्याच वर्षी चन्नवीर यांची कादंबरी आली.

चन्नवीर मूळचे अक्कलकोटच्या पलीकडच्या गावचे. घरी कानडी, बाहेर मराठी. सोलापुरात तेलाची गिरणी, गावाकडे मोठं शेत, आणि वाचनालयाचे आश्रयदाते. वय पन्नाशीच्या आत-बाहेर, अंगानं दणकट, बोलायला गोड. लोक त्यांना चन्नवीरअण्णा म्हणत. थोरला भाऊ शिवप्पा याचा पंचवीस वर्षांपूर्वी गावी खून झाला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. संगप्पा नावाच्या शेतगड्याला त्याबद्दल जन्मठेप झाली आणि तो तुरुंगातच मेला. त्याच प्रसंगावर अण्णांनी कादंबरी लिहिली होती. 'मी' सांगतोय अशी. देवासारखा थोरला भाऊ, कृतघ्न गडी, आणि भावाच्या रक्ताचा सूड घेणारा धाकटा.

वाचनालयानं त्यावर खास बैठक ठेवली. हार आले, पेढे आले. कार्यवाह महिपतराव आदल्या दिवशी बाईंच्या घरी जाऊन आले.

"बाई, आपले अण्णा आहेत. जरा सांभाळून."

"मी पुस्तकावर बोलते, माणसावर नाही," बाई म्हणाल्या.

बैठकीत आधी दोघा प्राध्यापकांनी भरभरून कौतुक केलं. मग बाई उठल्या.

"शेवटची मारामारी सिनेमातली आहे," त्यांनी सुरुवात केली. "नायक आणि गडी चिखलात झुंजतात, विजा चमकतात. ती सोडून देऊ. पण भावाच्या मरणाचं प्रकरण मी तीनदा वाचलं. या वर्षात मराठीत मी याच्या तोडीचं काही वाचलेलं नाही."

अण्णांनी हात जोडले.

"दुपारची वेळ आहे. खळ्यावरच्या छपरात थोरला भाऊ बाजेवर झोपलाय. गडी कोयता घेऊन आत शिरतो. नायक विहिरीवरून घागर खांद्यावर घेऊन येतोय, ओरडा ऐकून पळत सुटतो आणि दारातून बघतो. असं लेखक सांगतो. आता पुढची वाक्यं ऐका. यातला 'अण्णा' म्हणजे तो थोरला भाऊ." बाईंनी पुस्तक उघडलं. "'अण्णाचे डोळे उघडले. ते उलटे दिसले. भुवया खाली आणि तोंड वर. कपाळ घामानं निसरडं झालेलं. तळहात घसरला, पुन्हा दाबला.'"

त्यांनी चष्मा काढला.

"दारातून बघणाऱ्याला चेहरा उलटा कसा दिसेल? तो दिसतो बाजेच्या उशाशी उभं राहून वाकलं तर. आणि घागर खांद्यावर असलेल्या माणसाचा तळहात कपाळावरून कसा घसरला? गड्याचा घसरला, तर तो निसरडेपणा 'मी'ला कसा कळला? लेखकाच्या हातून जागेची चूक झालीय. नायकाला उभं केलंय दारात आणि पाहिलंय उशाकडून. माझी सूचना आहे, पुढच्या आवृत्तीत एक तर नायकाला उशाशी आणावं, नाहीतर ही वाक्यं काढावीत. काढू नयेत असं मला वाटतं. सगळ्या पुस्तकात तेवढीच खरी आहेत."

दोघं-तिघं हसले. बाईंनी नेहमीप्रमाणे चूक पकडली, एवढंच त्यांना वाटलं. अण्णाही हसले, पण त्यांच्या मांडीवरचा हार खाली पडला आणि तो त्यांनी उचलला नाही.

"बाई," ते म्हणाले, "आमच्या गावाला कधी आला होता का तुम्ही?"

"नाही."

"मग ही आमची कल्पना आहे म्हणा."

"कल्पना चांगली आहे," बाई म्हणाल्या आणि बसल्या. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. घरी गेल्यावर त्यांनी खिचडी केली आणि दुसरं पुस्तक वाचायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात नीलम्मा उभी होती. वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करणारी, तिशीच्या आतली, अबोल मुलगी. बाईंचीच विद्यार्थिनी. काल ती हॉलच्या दाराशी पेढ्यांचं ताट धरून उभी होती.

बाईंनी तिला आत घेतलं. ती बसली नाही.

"बाई, काल तुमी बोलला ते खरं की काय?"

"काय खरं?"

"की लिहिणारा उशाशी होता."

"नीलम्मा, मी कादंबरीबद्दल बोलत होते."

"त्या कादंबरीतला गडी माझा बाप हाय," नीलम्मा म्हणाली. "संगप्पा. मी मांडीवरची होते तेव्हा त्याला नेला. आईला गावानं दगड मारून हाकललं. सोलापुरात तिनं विड्या वळून मला शिकवलं. शाळेत बाप मेलाय एवढंच सांगितलं, कशानं ते नाही. आई मरताना बोलली, तुझ्या बापानं मारलं नाही. तो बांधावर बैलं चारत होता, मी बघितलं. पण गड्याच्या बायकोचं कोण ऐकतंय?"

"आणि तू त्या माणसाच्या वाचनालयात काम करतेस?"

"त्याला मी कोण ते ठाऊक नाही. त्याची पुस्तकं मीच शिक्का मारून कपाटात लावली. वाचलं तेव्हा बापाचं नाव बदललेलं, तोंडावरचे देवीचे वण तेवढे तसेच ठेवलेले. मला फक्त राग आला. तुमी बोलला तेव्हा अंगावर काटा आला."

बाई उठल्या. त्यांनी कादंबरी काढली आणि ते पान पुन्हा वाचलं. आता ती वाक्यं त्यांना वेगळी दिसू लागली. लिहिणाऱ्याला भावाचं मरण नीट लिहायचं होतं. दारातून ते त्याला लिहिता आलं नसतं, कारण दारातून त्यानं ते कधी पाहिलंच नव्हतं.

"तुझ्या बापानं शिवप्पाला मारायचं कारण काय होतं म्हणे?"

"मजुरीचं भांडण. कोर्टात तसं सांगितलं. पण आई म्हणायची, शिवप्पाअण्णा तर बापाच्या बाजूचे होते. कूळकायदा आला तेव्हा ते बोलले होते, संगप्पा कसतो ती जमीन संगप्पाच्या नावानं करू."

"आणि धाकट्याला ते नको होतं."

नीलम्मानं मान डोलावली.

"हा पुरावा नाही, पोरी," बाई म्हणाल्या. "हे एका म्हातारीचं एका पुस्तकावरचं मत आहे. यावर कुणी कुणाला शिक्षा देत नाही. पण मत विचारलंस म्हणून सांगते. होय. लिहिणारा उशाशी होता."

नीलम्मा मग खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

त्यानंतर चार-पाच दिवसांत महिपतराव बाईंकडे दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा म्हणाले, बैठकीच्या वृत्तांतात बाईंनी कादंबरीची प्रशंसा केली एवढंच छापू. बाई म्हणाल्या, सगळं छापा नाहीतर काहीच छापू नका. दुसऱ्यांदा ते घाबरलेले होते. अण्णा रोज एकच विचारतायत, बाईंना हे कुणी सांगितलं?

"पुस्तकानं," बाई म्हणाल्या. "तसंच सांगा."

त्या दिवशी भर दुपारी चन्नवीर वाचनालयात आले आणि महिपतरावांना त्यांनी बाईंच्या घराची खूण विचारली. नीलम्मा टेबलाशीच होती. अण्णांच्या कपाळावर भस्माचे पट्टे घामानं ओघळले होते आणि बाहेर जाताना त्यांनी चप्पलही नीट घातली नाही. ती त्यांची पाठ बघत राहिली. मग टेबल तसंच टाकून निघाली.

शुक्रवार पेठेत बाईंच्या दोन खोल्या होत्या. मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांचं शेड. दिवसभर खडखडाट. बाई पुढच्या खोलीत विळीवर दोडके चिरत बसल्या होत्या. दार उघडंच होतं. अण्णा आत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"बसा," बाई म्हणाल्या.

ते बसले नाहीत. "कोण बोललं तुम्हाला? शांतम्मा?"

"कोण शांतम्मा?"

"माझी वहिनी. गावात असते. ती बोलली का?"

"मी तुमच्या वहिनींना ओळखत नाही. तुम्ही लिहिलं तेवढंच मला ठाऊक आहे."

"मग बदला मत." त्यांचा आवाज अजून गोडच होता. "पुढच्या शनिवारी सांगा, वाचण्यात चूक झाली. लोक विसरतात बाई. मी वाचनालयाला नवं दालन बांधून देतो, तुमचं नाव देतो."

"चूक झाली असती तर सांगितलं असतं."

"माणसानं पंचवीस वर्षं नीट काढली, बाई. दानधर्म केला. एका पुस्तकापायी..."

"ते मी नाही लिहिलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही लिहिलंत."

अण्णांनी पहिली लाथ विळीच्या पाटाला मारली. बाई आडव्या झाल्या, डोकं भिंतीवर आपटलं, चष्मा उडाला. त्या ओरडल्या, पण मागे माग चालू होते. त्यांनी हाताला लागला तो पितळी तांब्या उचलून फेकला. तो अण्णांच्या तोंडावर बसला आणि ओठ फाटला. मग त्या माणसाच्या अंगात जे इतकी वर्षं दबून होतं ते सुटलं. त्यानं बाईंचा हात धरून उलटा पिळला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज बाईंनी स्वतः ऐकला. तो त्यांना केसांना धरून खोलीच्या मधोमध ओढत घेऊन आला, उताणं पाडलं आणि डोक्याशी गुडघे टेकून बसला. एक तळहात त्यांच्या कपाळावर आला. दुसऱ्या हातानं त्यानं विळी पाटासकट उचलली.

बाईंना त्याचा चेहरा उलटा दिसला. हनुवटी वर, भुवया खाली, ओठातलं रक्त कपाळाच्या दिशेनं चाललेलं. त्यांचं कपाळ घामानं निसरडं झालं होतं. तळहात घसरला. त्यानं पुन्हा दाबला. बाईंना ती वाक्यं आठवली. हेच. असंच.

"तो झोपेत जाणार होता," चन्नवीर बोलत होता. तो बाईंशी बोलत नव्हता. "कळणार नव्हतं त्याला. डोळे उघडायला कुणी सांगितलं होतं? माझं नाव घेतलं त्यानं. चन्न्या म्हणाला. शेत त्या गड्याला देणार आणि मला चन्न्या म्हणणार."

विळीचं पातं बाईंच्या मानेच्या बाजूला शिरलं, खांद्याच्या हाडाला घासलं आणि तिथे अडकलं. विळी धरायला बेढब असते. तिचा पाट त्याच्या गुडघ्याला लागला म्हणून तेवढ्यावर निभावलं. तो ती उपसत होता तेव्हा दार उघडलं.

नीलम्मा उंबऱ्यात उभी होती. शेवटची दोन वाक्यं तिनं दाराआडून ऐकली होती. स्वयंपाकघराच्या दाराशी लोखंडी खलबत्ता होता. तिनं बत्ता उचलला आणि काही न बोलता त्याच्या उजव्या कोपरावर घातला. विळी खाली पडली. तो वळला. त्यानं डाव्या हातानं तिचा गळा धरला आणि तिला भिंतीवर दाबलं. तिनं दुसरा घाव कानामागे घातला, तिसरा खांद्यावर. तिसऱ्या घावाला त्याची पकड सुटली. तो कपाटावर कोसळला आणि पुस्तकं त्याच्या अंगावर पडली. नीलम्मा तरी मारत राहिली. गुडघ्यावर, पाठीवर, पुन्हा कोपरावर. तिच्या घशातून आवाज येत होता, तो शब्दांचा नव्हता.

"नीलम्मा," बाई जमिनीवरून म्हणाल्या. आवाजाबरोबर मानेतून रक्त आलं. "पुरे. त्याला जिवंत राहू दे."

तिनं ऐकलं. पुढे ती म्हणायची, बाईंनी वर्गात हाक मारावी तशी मारली म्हणून हात थांबला, नाहीतर थांबला नसता. तिनं बत्ता टाकला, पदर फाडून बाईंच्या मानेवर दाबला आणि मागच्या शेडकडे तोंड करून विणकरांना हाका मारल्या. तेलुगू बोलणारे ते लोक माग सोडून धावत आले. दोघांनी चन्नवीरला धरून ठेवलं आणि एकानं बाईंना टांग्यात घातलं.

बाई वाचल्या. दीड महिना इस्पितळात होत्या. मान एका बाजूला कलली ती कलली, आणि आवाज जो बसला तो पुन्हा उठला नाही. घोगऱ्या, कुजबुजत्या आवाजातच बोलायच्या. चन्नवीरचा उजवा हात कोपरात वाकायचा थांबला.

खटला उभा राहिला. चन्नवीरच्या वकिलांनी सांगितलं, बाईंनी एका प्रतिष्ठित लेखकाचा भरसभेत अपमान केला, त्यांचा तोल गेला. बाईंनी आणि नीलम्मानं ऐकलं ते सांगितलं. न्यायाधीशांनी खुनाच्या प्रयत्नाबद्दल सात वर्षं दिली. संगप्पाच्या खटल्याबद्दल मात्र ते म्हणाले की ते प्रकरण या कोर्टापुढे नाही, आरोपी मयत आहे, आणि कादंबरी हा पुरावा नव्हे.

कोर्टाच्या आवारात नीलम्मा म्हणाली, "म्हणजे माझा बाप खुनीच राहिला."

"कोर्टात," बाई म्हणाल्या. "गावात जायचं का?"

दिवाळीनंतर दोघी अक्कलकोटच्या एसटीनं निघाल्या. तिथून दुसरी गाडी धरून दुपारी गावात पोचल्या. गावाबाहेर शेतात शिवप्पाची समाधी होती. तिच्यावर संगमरवरी फरशी बसवलेली. थोरल्या बंधूंच्या स्मरणार्थ चन्नवीर यांनी बांधली, असं वर मोठ्या अक्षरात आणि खाली शिवप्पाचं नाव बारीक अक्षरात. नीलम्मा समाधीशेजारच्या कट्ट्यावर उभी राहिली. अण्णांच्या खटल्याची बातमी गावात पोचलेलीच होती. बघता बघता माणसं जमली. काहींनी तिला तिच्या आईच्या चेहऱ्यावरून ओळखलं. एका म्हाताऱ्यानं हातात ढेकूळ उचललं. बाई नीलम्माच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि मानेवरचा पदर काढला. तो वण बघून म्हाताऱ्याचा हात खाली आला.

नीलम्मानं ते प्रकरण आधी मराठीत वाचलं. मग वाक्यावाक्यानं कानडीत सांगितलं. घागर. दार. उलटे डोळे. तळहात. मग त्या दुपारी बाईंच्या खोलीत तिनं कानांनी जे ऐकलं तेही सांगितलं. चन्न्या म्हणाला.

गर्दी बाजूला झाली आणि एक उंच, पांढऱ्या केसांची बाई पुढे आली. शिवप्पाची विधवा, शांतम्मा. ती नवऱ्यामागे इतकी वर्षं दिराच्याच घरात राबत होती.

"मत्तोम्मे ओदु," ती म्हणाली. पुन्हा एकदा वाच.

नीलम्मानं पुन्हा वाचलं.

"चन्न्या तर घरात फक्त आमचे हेच म्हणायचे," शांतम्मा हळू म्हणाली. "लहानपणचं नाव. बाहेर कुणाला माहीत नव्हतं." ती कट्ट्यावर बसली. बाईंना कळावं म्हणून मग मराठीत बोलली. "त्या दिवशी सकाळी जेवताना हे बोलले, सोमवारी संगप्पाच्या नावानं अर्ज करायचा. धाकटा गप जेवला. ताट पुसून खाल्लं. कोर्टात हे सांगू का म्हणून मी विचारलं तर धाकटा म्हणाला, तू फक्त रड. मी रडले." तिनं नीलम्माकडे पाहिलं. "तुझ्या आईवर पहिला दगड मी टाकला होता. कपाळ फुटलं तिचं."

"खोक होती," नीलम्मा म्हणाली. "मरेपर्यंत."

शांतम्मा उठली. विहिरीच्या कठड्याला एक पहार टेकवलेली होती, ती तिनं उचलली. समाधीपुढे उभी राहिली आणि दोन्ही हातांनी पहार वर नेऊन फरशीवर घातली. पहिल्या घावाला नुसता टवका उडाला. दुसऱ्याला तडा गेला. पोलीस पाटील पुढे आला. "शांतम्मा, हे बरं नाही. मालकी अण्णांची आहे. गुन्हा होतो."

"लिहून घे," ती म्हणाली. "शांतम्मा शिवप्पा असं लिही." आणि तिनं पुन्हा घाव घातला. संगमरवराचे तुकडे तिच्या पायाला लागून पोटऱ्यांवर रक्त आलं. दगडाचा एक कपचा गालात घुसला, तो तिनं बोटानं काढून टाकला. चन्नवीरच्या नावाचं एकेक अक्षर फुटेपर्यंत ती मारत राहिली. श्वास लागला तेव्हा तिनं पहार नीलम्मापुढे धरली. नीलम्मानं ती घेतली आणि उरलेला भाग फोडला. तळहाताची साल निघाली तरी थांबली नाही. खालच्या ओळीतलं शिवप्पाचं बारीक नाव मात्र दोघींनीही फोडलं नाही.

मग शांतम्मानं पदरानं तोंड पुसलं. "घरी चला. भाकरी खाऊन जा."

"आज नको," नीलम्मा म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "पाणी द्या."

शांतम्मानं विहिरीचं पाणी शेंदून तिच्या ओंजळीत ओतलं. ओंजळीतून ते तांबडं होऊन खाली गळत होतं.

परतीच्या एसटीत दोघी शेजारी बसल्या होत्या. नीलम्माच्या हाताला बाईंनी रुमाल बांधला होता. बराच रस्ता गेल्यावर बाई त्या फुटक्या आवाजात म्हणाल्या, "त्या पुस्तकात शांतम्मा नुसती रडते. सबंध कादंबरीत तिला एक वाक्य नाही. हे मला तेव्हा दिसायला हवं होतं."

"मग येत्या बैठकीत बोला की," नीलम्मा म्हणाली.

बाई बोलल्या. आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नव्हता, म्हणून लोकांनी खुर्च्या पुढे ओढून घेतल्या. चन्नवीरच्या कादंबरीबद्दल त्यांनी तेवढं एक वाक्य सांगितलं, आणि मग त्या महिन्यात वाचलेल्या एका नव्या नाटकाकडे वळल्या. त्यात सासू सुनेला जाळते. लेखकानं ती आग पडद्याआड ठेवली होती. बाईंना ते पसंत नव्हतं.